विश्लेषण : मण्यार चावल्यावर श्वास का थांबतो? मज्जातंतू आणि स्नायू यांच्या जोडावर कॅल्शियम काय करते?

पावसाळ्यात घरात जमिनीवर झोपलेल्या व्यक्तीला रात्री मण्यार चावतो. वेदना जवळपास नसते, सूज येत नाही, दंशाच्या खुणाही अनेकदा दिसत नाहीत. पहाटे पोटात दुखू लागते, पापण्या जड होतात, घोट गिळता येत नाही आणि काही वेळाने श्वास अडखळतो. प्रतिविष देऊनही अशा काही रुग्णांना अनेक दिवस व्हेंटिलेटरवर ठेवावे लागते. याचे कारण मज्जातंतू आणि स्नायू यांच्यातील अतिसूक्ष्म जोडावर आहे. तेथील कारभार कॅल्शियमच्या इशाऱ्यावर चालतो. प्रसूती कक्षातील एक नेहमीचे इंजेक्शन, गोठ्यात बसून राहिलेली व्यालेली गाय आणि सुरकुत्या घालवणारे बोटॉक्स या सगळ्यांचा संबंध याच जोडाशी आहे.

मज्जातंतू स्नायूला चिकटलेला असतो का?

नाही. मेंदूकडून आलेला आदेश पाठीच्या कण्यातून निघणाऱ्या मज्जातंतूतून विजेच्या लहरीच्या रूपात स्नायूपर्यंत येतो. मात्र मज्जातंतूचे टोक आणि स्नायूचा तंतू यांच्यात सुमारे ५० नॅनोमीटरची, म्हणजे मिलिमीटरच्या २० हजाराव्या भागाएवढी फट असते. या ठिकाणाला चेता-स्नायू संधी म्हणतात. ही फट विजेच्या लहरीला थेट ओलांडता येत नाही. त्यामुळे येथे विजेचा संदेश रसायनाच्या संदेशात बदलतो.

हे रसायन म्हणजे ॲसिटिलकोलीन. मज्जातंतूच्या टोकात ते हजारो सूक्ष्म पुटिकांमध्ये, म्हणजे पातळ आवरणाच्या पिशव्यांमध्ये भरून ठेवलेले असते. एका पुटिकेत ॲसिटिलकोलीनचे काही हजार रेणू मावतात. आदेश आला की काही पुटिका टोकाच्या आवरणाला मिळून फुटतात. त्यातले रसायन फटीत पडते आणि पलीकडे स्नायूवर असलेल्या ग्राहींना चिकटते. ग्राहीचे दार उघडते, सोडियम आत शिरते, स्नायूत नवी विद्युत लहर उठते आणि स्नायू आकुंचन पावतो. काम झालेले ॲसिटिलकोलीन कोलिनेस्टरेज हे विकर लगेच तोडून टाकते, म्हणून स्नायू पुढच्या आदेशासाठी मोकळा होतो. हा सगळा व्यवहार काही मिलिसेकंदांत उरकतो. बोट हलवताना, घास गिळताना आणि प्रत्येक श्वासाला छातीचा पडदा खाली ओढताना तो सतत सुरू असतो.

यात कॅल्शियम कुठे येते?

विजेची लहर टोकापर्यंत आली आणि पुटिका फुटल्या, या दोन घटनांच्या मध्ये. लहर स्वतः पुटिका फोडू शकत नाही. ती फक्त मज्जातंतूच्या टोकावरील कॅल्शियमची दारे उघडते. ही दारे म्हणजे आवरणात बसवलेली प्रथिने असून विद्युत दाब बदलला की ती उघडतात. दारे उघडताच बाहेरच्या द्रवातील कॅल्शियमचे आयन आत घुसतात आणि दारालगत तयार असलेल्या पुटिका फुटतात. कॅल्शियम आत येण्यापासून पुटिका फुटेपर्यंत एक मिलिसेकंदही लागत नाही.

हे इतक्या झटपट होते, कारण पुटिका आधीच सज्ज असतात. पुटिकेवरील एक आणि टोकाच्या आवरणावरील दोन अशी तीन प्रथिने एकमेकांत गुंतून पुटिकेला आवरणाजवळ खेचून धरतात. तिथे सिनॅप्टोटॅग्मिन नावाचे आणखी एक प्रथिन पहारा देत असते. कॅल्शियम त्याला चिकटले की अडसर सुटतो आणि पुटिका आवरणात मिसळून रिकामी होते. काम होताच आतले कॅल्शियम गोळा करून पुन्हा बाहेर काढले जाते. ते तसेच राहिले असते, तर एका आदेशावर स्नायू आकडलेलाच राहिला असता.

या कामासाठी कॅल्शियमच का?

पेशीच्या आत आणि बाहेर असलेल्या कॅल्शियमच्या प्रमाणातील प्रचंड तफावत हे त्याचे मुख्य कारण. पेशीबाहेरच्या द्रवात मुक्त कॅल्शियम आतल्यापेक्षा सुमारे १० हजार पट अधिक असते. सोडियम किंवा पोटॅशियमच्या बाबतीत ही तफावत दहा-तीस पटींच्या आसपास असते. आत जवळपास काहीच नसल्याने थोडे कॅल्शियम शिरले तरी पेशीला ते लगेच जाणवते. शांत खोलीत टाचणी पडली तरी ऐकू येते, तसे हे आहे.

दुसरे कारण म्हणजे एका पुटिकेसाठी कॅल्शियमचा एक आयन पुरत नाही, चार-पाच आयन एकत्र लागतात. परिणामी कॅल्शियममधील लहानसा फरकही मोठा परिणाम घडवतो. १९६७ मध्ये डॉज आणि रहामिमॉफ यांनी बेडकाच्या स्नायूवर दाखवले की कॅल्शियम कमी असताना त्याचे प्रमाण दुप्पट केले तर सुटणारे ॲसिटिलकोलीन दुपटीने नव्हे, तर सुमारे १६ पटींनी वाढते. याचा उलटा अर्थही तितकाच महत्त्वाचा आहे. कॅल्शियमचा आत येणारा ओघ निम्म्यावर आला, तर सुटणारे रसायन निम्म्याहून कितीतरी खाली घसरते.

मात्र निसर्गाने येथे राखीव साठाही ठेवला आहे. निरोगी माणसात प्रत्येक आदेशाला गरजेपेक्षा बरेच जास्त ॲसिटिलकोलीन सुटते. त्यामुळे थोडीफार घट झाली तरी स्नायू काम करत राहतो. राखीव साठा संपला की मात्र अशक्तपणा अचानक दिसू लागतो.

हे शास्त्रज्ञांना कळले कसे?

सुरुवात एका चुकीतून झाली. १८८० च्या दशकात लंडनमध्ये सिडनी रिंगर बेडकाचे हृदय खारट द्रावणात ठेवून प्रयोग करत होते. हृदय छान धडधडत होते. नंतर लक्षात आले की द्रावण शुद्ध पाण्याऐवजी नळाच्या पाण्यात बनवले गेले होते. शुद्ध पाणी वापरताच धडधड मंदावली. फरक होता नळाच्या पाण्यातील कॅल्शियमचा. १८९४ मध्ये फ्रँक लॉक यांना आढळले की कॅल्शियम नसलेल्या द्रावणात बेडकाच्या मज्जातंतूचा आदेश स्नायूपर्यंत पोहोचत नाही आणि कॅल्शियम घातले की तो पुन्हा पोहोचू लागतो.

यामागचे कारण उलगडले ते बर्नार्ड कॅट्झ यांच्या कामातून. जर्मनीतील लाइपझिग येथे जन्मलेले कॅट्झ ज्यू असल्याने १९३५ मध्ये देश सोडून लंडनला आले. पॉल फॅट यांच्यासोबत १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना दिसले की कोणताही आदेश नसतानाही स्नायूवर अधूनमधून अर्ध्या मिलिव्होल्टच्या आसपासचे बारीक स्पंद उमटतात. पुढे होसे देल कास्तियो यांच्याबरोबर त्यांनी द्रावणातील कॅल्शियम कमी केले आणि मॅग्नेशियम वाढवले. आता आदेशाला मिळणारा प्रतिसाद इतका क्षीण झाला की तो मोजता आला. तो कधी एका स्पंदाएवढा, कधी दोन, कधी तीन स्पंदांएवढा असे. दीड स्पंद कधीच नाही. म्हणजेच रसायन धारेसारखे सांडत नाही, ठरावीक मापाच्या पुड्यांनी सुटते. एक पुडी म्हणजे एक पुटिका. कॅल्शियम पुडीचा आकार बदलत नाही, किती पुड्या सुटणार ते ठरवते.

१९६७ मध्ये कॅट्झ आणि रिकार्डो मिलेदी यांनी निर्णायक प्रयोग केला. कॅल्शियम नसलेल्या द्रावणात त्यांनी बारीक नळीने मज्जातंतूच्या टोकावर कॅल्शियमचा थेंबभर मारा केला. लहर येण्याच्या किंचित आधी कॅल्शियम दिले तर संदेश पोहोचला. लहर येऊन गेल्यावर दिले तर नाही. कॅट्झ यांना १९७० चे नोबेल विभागून मिळाले. सिनॅप्टोटॅग्मिन हाच कॅल्शियमचा पहारेकरी आहे हे दाखवणारे थॉमस सुडहॉफ २०१३ च्या नोबेलचे एक मानकरी ठरले.

मण्यारचे विष नेमके कुठे घाव घालते?

नाग आणि मण्यार या दोघांचेही विष याच जोडावर काम करते, पण फटीच्या वेगवेगळ्या बाजूंना. नागाच्या विषातील मुख्य घटक स्नायूकडील ग्राहींवर जाऊन बसतात. ॲसिटिलकोलीन सुटते, पण त्याला बसायला जागा मिळत नाही. अशा वेळी निओस्टिग्मिन हे औषध ॲट्रोपिनसोबत दिले जाते. ते ॲसिटिलकोलीन तोडणाऱ्या विकराला रोखते. फटीत रसायन साठते आणि त्याच्या रेट्याने काही ग्राही पुन्हा हाती लागतात.

मण्यारच्या विषात ग्राही अडवणारे घटक असतातच, शिवाय बीटा-बंगारोटॉक्सिन गटातील विषे असतात. त्यांचे लक्ष्य मज्जातंतूचे टोक असते. हे विष टोकाच्या आवरणातील स्निग्ध पदार्थ तोडणारे विकर आहे आणि त्याला स्वतःच्या कामासाठीही कॅल्शियम लागते. आवरण कमकुवत झाले की कॅल्शियम दारांची वाट न पाहता अनिर्बंध आत घुसते. पुटिका सैरावैरा रित्या होतात, ऊर्जा पुरवणारी सूत्रकणिका बिघडते आणि शेवटी टोकच नष्ट होते. एरवी मोजूनमापून आत येणारे कॅल्शियम येथे पुरासारखे येते आणि पेशीचा घात करते.

आता उपचाराचे कोडे सुटते. निओस्टिग्मिनचा मण्यारच्या दंशात फारसा उपयोग होत नाही, कारण साठवायला ॲसिटिलकोलीनच सुटत नसते. प्रतिविष रक्तात फिरणारे विष निकामी करते, पण नष्ट झालेले टोक परत आणू शकत नाही. ते शरीराला नव्याने वाढवावे लागते आणि त्याला काही दिवस, कधी काही आठवडे लागतात. तोवर श्वास यंत्राने चालवणे हाच उपचार असतो. म्हणूनच प्रतिविष लवकर देणे महत्त्वाचे. विष टोकांपर्यंत पोहोचण्याआधी त्याला गाठले तरच पूर्ण फायदा मिळतो.

आणखी एक गोष्ट नातेवाइकांनी ध्यानात ठेवायला हवी. अशा रुग्णाच्या पापण्या मिटलेल्या, हातपाय लुळे आणि कधी बाहुल्याही विस्फारलेल्या असतात. तो गेल्यासारखा किंवा मेंदू मृत झाल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात विषाचा घाव स्नायूंच्या जोडावर असतो. श्वास वेळेत सांभाळला असेल तर रुग्ण शुद्धीत असतो, त्याला सगळे ऐकू येत असते आणि तो पूर्ण बरा होऊ शकतो.

प्रसूती कक्षात गुडघ्यावर हातोडी का मारतात?

गरोदरपणात रक्तदाब धोकादायक वाढून झटके येण्याची भीती असते, तेव्हा मॅग्नेशियम सल्फेटचे इंजेक्शन दिले जाते. ते अनेक मातांचे प्राण वाचवते. मात्र मॅग्नेशियम हे कॅल्शियमचे प्रतिस्पर्धी आहे. मज्जातंतूच्या टोकावरील कॅल्शियमच्या दारांशी ते आडवे येते. कॅट्झ यांनी प्रयोगशाळेत मॅग्नेशियम वाढवून प्रतिसाद क्षीण केला होता, तेच रक्तातील मॅग्नेशियम फार वाढल्यास माणसात घडते.

म्हणून पुढचा डोस देण्यापूर्वी परिचारिका तीन गोष्टी तपासतात. गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय उडतो का, श्वासाची गती मिनिटाला किमान १६ आहे का आणि लघवी तासाला किमान ३० मिलिलिटर होते आहे का. मॅग्नेशियम मूत्रपिंडावाटे बाहेर पडते, म्हणून लघवीचे मोजमाप. ते वाढू लागले की आधी गुडघ्याची उडी नाहीशी होते आणि त्यानंतर श्वास मंदावतो. हातोडीची ती साधी तपासणी म्हणजे धोक्याची पहिली घंटा असते. प्रमाण वाढलेच, तर उतारा म्हणून शिरेतून सावकाश दिले जाते ते कॅल्शियम ग्लुकोनेट.

व्यालेली गाय बसते, माणसाचे हात मात्र आखडतात, असे का?

दूध उत्पादकांना दुग्धज्वर नवा नाही. भरपूर दूध देणारी गाय व्यायल्यानंतर साधारण दोन-तीन दिवसांत थरथरते, मग बसते आणि उठतच नाही. मान पोटाकडे वळवते, कान गार पडतात. नाव ज्वर असले तरी ताप नसतो. चिकात आणि दुधात कॅल्शियम झपाट्याने गेल्याने रक्तातील पातळी कोसळलेली असते. जोडावर पुरेसे ॲसिटिलकोलीन सुटत नाही आणि स्नायू ढिले पडतात. पशुवैद्यक शिरेतून कॅल्शियम बोरोग्लुकोनेट देतात आणि थोड्याच वेळात गाय उठून उभी राहते. हे औषध घाईने दिल्यास हृदय बंद पडू शकते, त्यामुळे ते स्वतः टोचण्याचे धाडस करू नये.

माणसात मात्र कॅल्शियम घटल्यावर आधी उलटेच दिसते. तोंडाभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, पंजे आखडतात, स्नायूंत गोळे येतात. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर काही रुग्णांना हा अनुभव येतो. याचे कारण कॅल्शियमचे दुसरे काम. मज्जातंतूच्या बाहेरील कॅल्शियम सोडियमच्या दारांवर वचक ठेवते. तो वचक सुटला की मज्जातंतू आदेश नसतानाही लहरी पाठवू लागतो. जोडावर राखीव साठा असल्याने या चुकीच्या लहरीही स्नायूपर्यंत पोहोचतात आणि स्नायू आखडतो. गायीतील सुरुवातीची थरथर हा याचाच भाग असतो; पुढे घसरण इतकी होते की राखीव साठाही अपुरा पडतो.

बोटॉक्स आणि इतर आजारांचा संबंध काय?

बोटॉक्समध्ये कॅल्शियम आत येते, पहारेकरीही जागा असतो. पण पुटिकेला आवरणाजवळ खेचणाऱ्या तीन प्रथिनांपैकी एक विषाने कापून टाकलेले असते. आदेश येतो, पण पुटिका फुटत नाही. सुईच्या टोकाएवढ्या मात्रेत, ठरावीक स्नायूत दिल्यास याचा उपचारासाठी उपयोग होतो आणि परिणाम तीन-चार महिने टिकतो. तेच विष बिघडलेल्या डबाबंद अन्नातून पोटात गेले तर श्वास थांबवू शकते.

लॅम्बर्ट-ईटन या दुर्मीळ आजारात शरीराची प्रतिकारशक्तीच मज्जातंतूच्या टोकावरील कॅल्शियमच्या दारांवर हल्ला करते. मांड्या अशक्त होतात, खुर्चीतून उठणे जड जाते. विशेष म्हणजे काही सेकंद जोर लावल्यावर ताकद तात्पुरती वाढते, कारण लागोपाठच्या लहरींमुळे आत थोडे थोडे कॅल्शियम साठते. सुमारे निम्म्या रुग्णांत याच्या मुळाशी फुप्फुसाचा एक प्रकारचा कर्करोग असतो. त्यामुळे निदान झाल्यावर छातीची तपासणी केली जाते. मायस्थेनिया ग्रेव्हिस या अधिक परिचित आजारात हल्ला बहुधा स्नायूकडील ग्राहींवर होतो आणि जोर लावल्यावर थकवा वाढत जातो. या रुग्णांना जेंटामायसिनसारखी काही प्रतिजैविके धोक्याची ठरू शकतात, कारण तीही जोडावरील कॅल्शियमच्या कामात अडथळा आणतात. डॉक्टरांना आपला आजार आधी सांगणे म्हणूनच आवश्यक आहे.

मग अशक्तपणासाठी कॅल्शियमच्या गोळ्या घ्याव्यात का?

स्वतःच्या मनाने नाही. रक्तातील कॅल्शियमची पातळी शरीर काटेकोर राखते; प्रौढांत ती साधारण ८.५ ते १०.५ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असते. आहारातून कमी मिळाले तर शरीर हाडांतून उचल घेते, पण रक्तातील पातळी सहसा ढळू देत नाही. त्यामुळे गोळी खाल्ल्याने जोडावर जास्त ॲसिटिलकोलीन सुटेल आणि ताकद वाढेल, असे होत नाही. हाडांसाठी, गरोदरपणात किंवा कमतरता आढळल्यास गोळ्यांचा उपयोग असतो. तो डॉक्टरांनी ठरवायचा. मण्यारच्या दंशावरही कॅल्शियम हा प्रतिविष आणि श्वासाच्या आधाराला पर्याय नाही.

सर्पदंश झाल्यास काय करावे?

एका देशव्यापी अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात दरवर्षी सरासरी ५८ हजार जणांचा सर्पदंशाने मृत्यू झाला. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजारांत केला. केंद्र सरकारचा राष्ट्रीय कृती आराखडा २०२४ मध्ये आला. आपल्याकडील प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांवर एकत्रित काम करते. त्यामुळे साप पकडून किंवा मारून नेण्याची गरज नाही.

दंश झालेला अवयव हलवू नये, दोरी घट्ट बांधू नये, चिरा देऊ नये, विष चोखू नये. मांत्रिकाकडे वेळ न दवडता १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने प्रतिविष आणि श्वासाच्या आधाराची सोय असलेले रुग्णालय गाठावे. वाटेत गिळता येत नसेल तर पाणीही पाजू नये आणि रुग्णाला कुशीवर ठेवावे. पावसाळ्यात पहाटे कारण नसताना पोटदुखी आणि पापण्या जड होणे, ही लक्षणे दिसली तर दंशाची खूण नसली तरी मण्यारची शंका घ्यावी. खाटेवर झोपणे आणि मच्छरदाणी गादीखाली नीट खोचणे हा सर्वांत स्वस्त बचाव. मज्जातंतूची टोके एकदा नष्ट झाली की शरीराला ती पुन्हा वाढवण्यासाठी दिवस मोजावे लागतात. ती वाचवण्यासाठी मात्र हाती काही तासच असतात.